वन्सं, तुमचं लायसन आलंच नव्हतं

मिहिर आणि सई,

तुमच्या आत्याआजीला जाऊन पाच आठवडे झाले. तेरावं झालं, पाहुणे गेले, भाड्याने आणलेल्या खुर्च्या मंडपवाल्याने नेल्या. मी कामं कागदावर लिहून एकेक खोडत जाते हे तुम्हाला माहीत आहे. त्या कागदावर आता एकच शब्द उरलाय, गाडी.

मिहिर, मागच्या रविवारी तू तुझ्या नव्या लायसनचा फोटो पाठवलास आणि खाली विचारलंस, आता आत्याआजीची गाडी कोण चालवतं. मी उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. तुझा फोटो बघून मला आनंद व्हायला हवा होता. मी तो मोठा करून तुझी जन्मतारीख बरोबर छापली आहे ना ते तपासलं आणि मग तुमच्याकडे रस्त्यावर किती बर्फ आहे ते शोधत अर्धी सकाळ बसले. सईचं म्हणणं मला तुमच्या बाबाकडून कळलं. गाडी विकून टाका, लागेल तेव्हा टॅक्सी मागवा, स्वस्त पडतं. हिशेबाने ती बरोबर आहे. मीसुद्धा दहा वर्षं हेच म्हणत होते.

पण या गाडीच्या बाबतीत मी एक गोष्ट केली आहे आणि ती कोणालाच सांगितलेली नाही. ती आधी जिला सांगायला हवी होती ती आता नाही. म्हणून मी हे तिलाच लिहिते आहे आणि तुम्हाला पाठवते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण तिच्याशी मी सेहेचाळीस वर्षांत इंग्रजीत एक वाक्य बोलले नाही, आता कुठे सुरुवात करू. सावकाश वाचा. अडलं तर बाबाला विचारा, मात्र शेवटपर्यंत वाचून होईपर्यंत त्याला मला फोन करू देऊ नका.

वन्सं,

तुम्ही सगळ्यात आधी विचाराल की झाडांना पाणी कोण घालतं. मी घालते. सोनचाफ्याला बहुतेक जास्त होतंय, खालची पानं पिवळी पडायला लागली आहेत. मोगऱ्याचं बरं चाललंय.

मी लग्न होऊन उमेळ्याला आले तेव्हा इंग्रजी शाळेत शिकलेली, इंग्रजी शाळेतच शिकवणारी सून म्हणून सगळे माझ्याशी जरा जपून बोलायचे. तुम्ही पहिल्याच आठवड्यात मला मास्तरीण म्हणायला लागलात ते शेवटपर्यंत. घरची तुमची बोली मला कधी जमली नाही. तुम्ही दोघं बहीणभाऊ बोलायला लागलात की मला निम्मं कळायचं, आणि माझ्याकडे वळलात की तुम्ही मुद्दाम बातम्या दिल्यासारखं शुद्ध बोलायचात. त्यामुळे तुमचं बोलणं मी इथे माझ्याच मराठीत लिहिते आहे. चुकीच्या बोलीत लिहिलं तर तुम्ही वरून हसाल.

तुम्ही गाडी शिकलात ती हौस म्हणून नाही, हे मुलांना माहीत नसेल. वाडीतली फुलं वसई रोडला पोचवणारा टेम्पोवाला ऐन गणपतीत आला नाही, टोपल्या दुपारपर्यंत अंगणात पडून राहिल्या आणि फुलं काळी पडली. पुढच्या महिन्यात तुम्ही टेम्पो चालवायला शिकायला गेलात. तुम्हाला तेव्हा सदतिसावं चालू होतं. गावातले पुरुष सकाळी उगाचच बावखलापाशी तोंड धुवायला यायचे, तुम्ही टेम्पो त्या पाण्यात घालता का ते बघायला. तुम्ही घातला नाहीत. एकाने तुम्हाला विचारलं की बाईमाणसाने टेम्पो चालवला तर उद्या आम्ही काय करायचं. तुम्ही म्हणालात, टोपल्या उचला.

मग वाडीचा रस्त्याकडचा तुकडा इमारतीला गेला आणि आपापल्या वाट्याचे पैसे हातात आले. मी सगळ्यांना मुदत ठेवी करायला सांगितल्या, अर्जसुद्धा आणून दिले. तुम्ही तुमच्या पैशातून ही छोटी लाल गाडी घेतलीत, पूर्ण रोखीने. मी म्हटलं, थोडं कर्ज काढा, बाकीचे पैसे व्याजाला लावा, घराबाहेर काढल्या क्षणी गाडीची किंमत उतरते. तुम्ही म्हणालात की हप्ता चालू असला की गाडीत बसल्यावर रिक्षात बसल्यासारखं वाटतं, सारखं मीटरकडे लक्ष. यावर माझ्याकडे उत्तर होतं, आकड्यांसकट होतं, पण तुम्ही गाडीला हार घालायला निघून गेलात.

त्या गाडीत बसून मी किती घाबरले असेन याची तुम्हाला कल्पना होती, आणि त्याची तुम्हाला मजा वाटायची. माझ्या बाजूला ब्रेक नव्हता तरी मी तो दाबत असायचे. माझ्या पायाखालची चटई तुमच्या पायाखालच्या चटईच्या आधी झिजली. अंबाडी रोडवर रिक्षा आडवी आली की मी डोळे मिटायचे आणि तुम्ही मला सांगायचात, मास्तरीण, उघड, गेली ती. तुमच्या मते हॉर्न वाजवणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात ओरडून शिरणं. माझ्या मते हॉर्न न वाजवणं म्हणजे बेजबाबदारपणा. हे भांडण अकरा वर्षं चाललं आणि आपल्यापैकी एकही हटली नाही.

दुसरं भांडण पेट्रोलचं. गल्लीतली कोणतीही बाळंतीण दवाखान्यातून घरी यायची ती तुमच्या गाडीतून. हे कोणी ठरवलं नव्हतं. एका बाईला आणलंत, मग दुसरीने विचारलं, मग न विचारताच तुम्ही दवाखान्याच्या दारात जाऊन उभ्या राहायला लागलात. आधी गाडी आतून पुसायची, मागच्या सीटवर धुतलेली चादर घालायची, गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ द्यायची नाही. घरी पोचल्यावर भाकरतुकडा ओवाळून होईपर्यंत इंजिन बंद करायचं नाही, का ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. कोणी पेट्रोलचे पैसे पुढे केले की तुम्ही रागवायचात. मी म्हणायचे, घ्या, फुकट मिळालं की लोक गृहीत धरतात. तुमचं म्हणणं असं की पैसे घेतले की गाडी भाड्याची झाली, मग उशीर झाला की लोक तोंड करणार. मला अजूनही वाटतं की माझं बरोबर होतं. गल्लीतल्या प्रमिलाच्या घरचे तुम्हाला पगारी ड्रायव्हरला करावेत तसे फोन करायचे आणि मला ते आवडायचं नाही. आज हे लिहिते कारण तेव्हा तुमच्यासमोर मी ते नेहमी हसत बोलले, आणि मला हसू येत नव्हतं.

आता ती सकाळ.

गणपती होऊन गेले होते. आपण दोघी बँकेच्या कामाला निघालो होतो. बावखलाच्या वळणावर डावीकडून सायकलवर एक मुलगी आली, शाळेच्या गणवेशात, आठ-नऊ वर्षांची. मला ती केळीच्या रांगेपासून दिसत होती. मला वाटलं तुम्हाला दिसते आहे. तुमचा आरसा तिच्या हँडलला लागला आणि ती पडली. गुडघा सोलवटला, एवढंच. नव्या इमारतीतली तिची आई धावत आली आणि म्हणाली, इस उमर में घर बैठो ना, आंटी. तुम्ही गाडीतून उतरलात. मुलीला उचललंत, गाडीत बसवलंत, तिच्या आईलाही बसवलंत आणि दवाखान्यात नेऊन पट्टी करून आणलंत. बँकेत आपण गेलोच नाही. घरी येऊन तुम्ही पायरीवर बसलात आणि मला विचारलंत,

"तुला दिसली होती का ती?"

"हो."

"आधीपासून?"

मी हो म्हटलं. तुम्ही मान हलवलीत आणि आत जाऊन भात लावलात.

त्या दिवसानंतर माझ्या डोक्यातून ती सायकल गेली नाही. मी शाळेत तीस वर्षं काढली आहेत, त्या वयाच्या मुली रस्त्यावर कशा चालतात हे मला माहीत आहे. तुम्ही गाडीची किल्ली उचललीत की मला ती मुलगी पडताना दिसायची. सोबत गेले तरी दिसायची आणि नाही गेले तर जास्त. तुम्ही परत आल्याचा आवाज येईपर्यंत मी गॅस दोनदा बंद करून बघायचे. मी तुम्हाला सरळ सांगायला हवं होतं की वन्सं, आता गाडी सोडा, मला भीती वाटते. एवढं साधं वाक्य. मी ते रोज सकाळी मनात तयार करायचे आणि चहाच्या कपाबरोबर गिळायचे. तुम्हाला गाडी सोडा म्हणणं म्हणजे काय म्हणणं आहे हे मला कळत होतं.

तेवढ्यात तुमच्या लायसनची मुदत संपत आली.

मुलांनो, आपल्याकडे म्हातारपणी लायसन दर काही वर्षांनी नवं करून घ्यावं लागतं, डॉक्टरांचा दाखला लावून. या घरातले सगळे इंग्रजी कागद मीच भरत आले आहे. वीज, पाणी, घरपट्टी, विमा, तुमचे आजोबा होते तोवर त्यांची पेन्शन. आत्याआजीने मला तिचा दाखला, दोन फोटो आणि सही केलेला अर्ज दिला. फोटोसाठी ती हिरवी साडी नेसून गेली होती. डॉक्टरांनी तिचे डोळे तपासून सही केली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, चष्मा लावून ठीक दिसतं, असं लिहिलं होतं.

वन्सं, मला डॉक्टरांची सही पटली नाही. मी तो अर्ज फाइलमध्ये ठेवला आणि पाठवला नाही.

कायद्याच्या तुम्ही पक्क्या. लायसन नसताना गाडी फाटकाबाहेर काढणार नाहीत हे मला माहीत होतं, आणि त्याच्यावरच मी अवलंबून राहिले. दर सोमवारी मी कागदपत्रांची कामं घेऊन बसते. दर सोमवारी तुम्ही विचारायचात, "मास्तरीण, आलं का?" मी एकदा सांगितलं, सर्व्हर बंद आहे. एकदा, फोटोचा आकार चालत नाही म्हणतात. एकदा सांगितलं की सगळे निवडणुकीच्या कामाला गेलेत. आयुष्यभर मुलांना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं केलं आणि या वयात मलाच त्याची सवय होत गेली. तिसऱ्या सोमवारी मला कारण आधीपासून तयार करावंसुद्धा लागलं नाही.

तुम्ही रोज सकाळी गाडी पुसायचात. बॅटरी उतरू नये म्हणून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचात. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुढे घ्यायचात आणि तशीच मागे. आपल्या अंगणाला लायसन लागत नाही, असं म्हणायचात. मी स्वयंपाकघरातून बघायचे. मला सुटल्यासारखं वाटायचं आणि त्याच वेळी तिथून निघून जावंसं वाटायचं.

डिसेंबरात प्रमिलाची सून स्नेहल बाळंत झाली. तिला घरी आणायच्या दिवशी तुम्ही सकाळीच माझ्याकडे आलात. केस नीट बांधलेले, हातात ती धुतलेली चादर.

"आजचा एक दिवस नेऊ का? लायसन नसलं तरी?"

मी म्हटलं, "पकडलं तर? दंड होईल. विम्याचाही घोटाळा होईल."

"बरं."

एवढंच म्हणालात आणि चादर कपाटात ठेवून आलात. दुपारी स्नेहल टॅक्सीने आली. टॅक्सीवाल्याने गल्लीच्या तोंडाशी हात वर केले, आत घुसलो तर मागे घेता येणार नाही म्हणाला. भर उन्हातून ती बाळाला पदराखाली धरून चालत आली, मागून प्रमिला दोन पिशव्या आणि थर्मास घेऊन. प्रमिलाने जाताजाता आपल्या फाटकाकडे बघितलं, तिथे तुम्ही उभ्या होतात आणि तुमच्या मागे गाडी उभी होती. तिने तोंड फिरवलं. तुम्ही आत आलात आणि म्हणालात, तिला वाटलं असेल पैशावरून बिनसलं. त्या दुपारी सांगायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी काय केलं, तर तुम्हाला लिंबाचं सरबत करून दिलं.

जानेवारीत तुम्हाला ताप आला, छातीत कफ भरला आणि आपण तुम्हाला दवाखान्यात ठेवलं. सहा दिवस. तुमचा हात आधी कधीच इतका हलका लागला नव्हता. पाचव्या दिवशी सोमवार होता. नाकातली ऑक्सिजनची नळी बाजूला करून तुम्ही विचारलंत, "आलं का?"

मी म्हटलं, "आलं. घरी ठेवलंय."

तुम्ही माझ्याकडे जरा वेळ बघितलंत. मग म्हणालात, "बरं. मग आता तू काळजी सोड."

मला वाटलं, निदान या एका खोट्याने तुम्हाला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. तेरावं होईपर्यंत मी हाच विचार धरून होते. कोणी जवळ बसून रडायला लागलं की मी मनात म्हणायचे, शेवटी त्यांना लायसन मिळाल्याचं समाधान होतं.

मग दिनकर आला. अंबाडी रोडला ड्रायव्हिंग स्कूल चालवतो तो, तुम्हाला टेम्पो शिकवणाऱ्याचा मुलगा. तेराव्याला त्याला येता आलं नव्हतं. चहा घेताना त्याने सहज विचारलं, "काकू, आत्यांच्या लायसनचं मग कोणाकडून केलंत?" मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला. तो पुढे म्हणाला की दिवाळीनंतर तुम्ही त्याच्याकडे गेला होतात. त्याने कॉम्प्युटरवर बघितलं, तुमच्या नावाने अर्जच आलेला नव्हता. तो म्हणाला, कागद माझ्याकडे द्या, दोन दिवसांत पाठवतो. तुम्ही नको म्हणालात. "मी तिच्याकडे दिलाय. ती देईल तेव्हा देईल. तिला यातलं बोलू नकोस."

मी दिनकरला विचारलं, रागावल्या होत्या का. तो आठवायला लागला. म्हणाला, नाही काकू, रागावल्या नाहीत. टायरमध्ये हवा कमी वाटते म्हणाल्या, भरून देऊ का विचारलं तर म्हणाल्या की गाडी घरीच आहे, आणि मग चालत निघाल्या.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. दिवाळीपासून माहीत होतं. त्यानंतरचे सगळे सोमवार तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून विचारत होतात आणि मी निवडणुकीची कारणं देत होते. चादर हातात घेऊन आलात तेव्हा माहीत होतं. नळी बाजूला केलीत तेव्हाही.

तेव्हापासून मी एकच गोष्ट उलटीपालटी करते आहे. तुम्ही मला पकडलं का नाहीत? तुम्ही कोणाला सोडणाऱ्यातल्या नव्हतात. पोस्टमनने पत्र उशिरा आणलं तर त्याला फाटकात उभं करून विचारायचात. कधी वाटतं, तुम्ही वाट बघत होतात की ही आज तरी सांगेल, आणि मी प्रत्येक वेळी नापास झाले. कधी वाटतं, त्या मुलीच्या सायकलने तुम्हालाही माझ्याइतकंच घाबरवलं होतं, आणि गाडी सोडली असं स्वतःच्या तोंडाने म्हणण्यापेक्षा वहिनीने कागद अडवले हे तुम्हाला बरं पडलं. हे मला फार सोयीचं आहे म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवायला घाबरते. आणि कधी वाटतं की तुम्ही फक्त दमला होतात, माझ्याशी भांडायचीही ताकद उरली नव्हती, आणि ही ताकद गाडी अंगणात उभी राहिल्यामुळे गेली. डॉक्टर म्हणतात त्याचा काही संबंध नाही, न्यूमोनिया होता. डॉक्टरांच्या सहीवर मी आधीही विश्वास ठेवला नव्हता.

एवढं मात्र मला वेगळं करून ठेवता येतं. तुम्ही गाडी चालवायला नको होती, हे माझं मत आजही तेच आहे. तुम्ही समोर असतात तर मी तुमच्याशी यावर भांडले असते आणि बहुतेक हरले असते. पण मी भांडलेच नाही. मी तुम्हाला हरायची किंवा जिंकायची संधी दिली नाही. माफी मागायची ती याची आहे, वन्सं. गाडीची नाही.

तो अर्ज अजून फाइलमध्ये आहे. मी तो फाडलेला नाही.

गाडीचं काय ते आता सांगते. एक जुन्या गाड्या घेणारा येऊन बघून गेला. त्याने टायर लाथेने ठोकले आणि एक किंमत सांगितली. मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा बरी होती. तो जातो न जातो तोच स्नेहल बाळाला खांद्याशी धरून आली. "काकू, विकणार असाल तर मला द्या. वालीवला ऑफिसला जायचंय मला, मार्चपासून. बाळाला वाटेत माझ्या आईकडे सोडायचं म्हणजे स्कूटरवर नाही होणार." पैसे चार हप्त्यांत देईन म्हणाली. तुमच्या मागे मी तिला फुकट द्यावी अशी प्रमिलाची अपेक्षा असावी, तसं ती दोनदा सुचवून गेली. मी पूर्ण किंमत घेते आहे. इथे मी तुमचं ऐकलेलं नाही. स्नेहलला मी सांगितलं की ही गाडी तुझी होईल ती तुझ्या पैशाने होईल, मग उद्या कोणी दवाखान्यातून आणायला बोलावलं तर जायचं की नाही हे तू ठरवायचं. ती म्हणाली, मला ते बरं वाटेल.

पण द्यायच्या आधी मी तिच्या शेजारी बसून गावाला एक फेरी मारली. माझ्या बाजूला नसलेला ब्रेक मी याही वेळी दाबत होते. तिच्याकडे लायसन आहे, पण ती स्कूटरसारखी गाडी चालवते, फटीत शिरायला बघते. बावखलाच्या वळणावर तिने डावीकडे बघितलं नाही. मी तिथल्या तिथे तिला सांगितलं, "तू डावीकडे बघितलं नाहीस. इथे मुली सायकलवरून येतात." तिला राग आला. म्हणाली, "काकू, दर मिनिटाला बोलणार असाल तर मी उतरते, तुम्ही चालवा." मी म्हटलं, मला येत नाही म्हणूनच बोलते. तिने गाडी पुढे काढली. पुढच्या वळणावर तिने मान वळवून डावीकडे बघितलं, मला दिसेल इतकी जोरात.

मला अजून तिच्या गाडी चालवण्याची भीती वाटते. ती फाटकाबाहेर पडली की मी आवाज ऐकत बसेन, तुमच्या वेळी बसायचे तशीच. पण तिला ते माहीत आहे. मी तिला सांगितलंय.

मिहिर, सई, आता तुमच्याशी.

मिहिर, बर्फ असेल त्या दिवशी गाडी बाहेर काढू नकोस. हे मी तुला प्रत्येक फोनवर सांगणार आहे. तू कंटाळशील, तरी सांगणार. तू मला म्हण की आजी, पुरे. तेही चालेल.

आणि एक दिवस माझ्याकडूनही काहीतरी काढून घ्यायची वेळ येईल. बँकेची कामं असतील, गॅस असेल, नाहीतर या घरात एकटीने राहणं. तुमच्या बाबाला ते सांगायला जड जाईल, तो माझ्याचसारखा आहे, तो काहीतरी कारण काढेल. म्हणेल, आई, दुरुस्ती चालू आहे, आई, पुढच्या महिन्यात बघू. त्याला तसं करू देऊ नका. तुम्ही दोघं, किंवा एकजण तरी, समोर येऊन बसा आणि सांगा की आजी, आता हे तुला जमत नाही. मी भांडेन. रडेन कदाचित, आणि चार दिवस बोलणार नाही. ते मला करू द्या.

वन्सं, नावबदलाचे कागद मी काल भरले. तुमच्या भाच्याने वारस म्हणून सही करून पाठवलेले आले, ते त्याच दिवशी जोडले आणि दुपारी पाठवून दिले. पोच आली आहे. बाळ झोपलं की स्नेहल गाडी आपल्या फाटकातून त्यांच्या फाटकात नेते आणि परत आणून लावते, मागे घ्यायचा सराव म्हणून. गाडी गल्लीतच आहे आणि चालते.